डेबियन १२ वर ओपनबॉक्सचा डेस्कटॉप: पॅकेजं बसली, तरी अर्ध्या गोष्टी चालत नाहीत

रानवाट (धागाकर्ता)

६४ बिट लॅपटॉप, ४ जीबी रॅम, डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार, या आवृत्तीचं नाव बुकवर्म). नेटइन्स्टॉल करताना डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढल्या, फक्त ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ ठेवलं. मग ही आज्ञा दिली:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स एक्सऑर्ग ओपनबॉक्स टिंट२ लाइटडीएम पीसीमॅनएफएम नेटवर्क-मॅनेजर-ग्नोम

(ॲप्ट रेपोमधून, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यातून, पॅकेजं आणून बसवतो. एक्सऑर्ग म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा एक्स सर्व्हर, ओपनबॉक्स खिडक्या सांभाळतो, टिंट२ ही पट्टी, लाइटडीएम लॉगिनचा पडदा, पीसीमॅनएफएम फायली दाखवतो. या धाग्यात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या.)

लॉगिनचा पडदा येतो, ओपनबॉक्स सुरू होतो, उजव्या क्लिकचा मेन्यूही उघडतो. पण:

१) पट्टीवर नेटवर्कचं चिन्ह येत नाही.
२) पेन ड्राइव्ह लावला तर पीसीमॅनएफएममध्ये दिसत नाही. डिस्कचं दुसरं पार्टिशन उघडायला गेलं तर ‘नॉट ऑथोराइज्ड’.
३) आवाज नाही.
४) मराठी नावांच्या फायलींच्या जागी चौकोन.
५) उबुंटू २४.०४ साठी बनवलेलं एका पॅनेलचं (पट्टीचं) डेब पॅकेज ‘डीपीकेजी -आय’ने बसवलं. तेव्हापासून ॲप्ट काहीच बसवू देत नाही. संदेश असा: ‘डिपेंड्स: लिबसी६ (>= २.३८) बट २.३६ इज इन्स्टॉल्ड’, त्याखाली ‘डिपेंड्स: लिबग्लिब२.०-०टी६४ बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल’, आणि शेवटी ‘ट्राय ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’.

एकेक सुटं पॅकेज शोधत बसण्यापेक्षा हे नेमकं कुठे आणि का सुटतं ते समजून घ्यायचं आहे.

देवराई

पाचवा मुद्दा आधी. तो सुटल्याशिवाय बाकी काही बसणारच नाही.

‘डीपीकेजी -आय’ फक्त हातातली फाइल उघडतं. तिला लागणारी पॅकेजं रेपोमधून आणणं त्याच्या कक्षेत नाही. फायली जागेवर टाकून झाल्या की डिपेंडन्सी (लागणारी दुसरी पॅकेजं) पुरी नाही म्हणून ते कॉन्फिगर करायचं थांबतं. ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत अशा पॅकेजसमोर ‘आयआय’ऐवजी ‘आययू’ दिसतं, म्हणजे उघडलेलं पण कॉन्फिगर न झालेलं. असं एक जरी असलं तरी ॲप्ट पुढचं काम नाकारतं. डेब फाइल बसवायचीच असेल तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइल.डेब’ असं बसवा. सुरुवातीचं ‘./’ महत्त्वाचं आहे, नाहीतर ॲप्ट ते रेपोमधलं नाव समजून शोधतं. या मार्गाने डिपेंडन्सी आधी तपासल्या जातात आणि जमत नसेल तर एकही फाइल न हलवता नकार मिळतो.

तुमच्या बाबतीत ‘--फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ ते पॅनेल काढून टाकायचंच सुचवेल, कारण दुसरा मार्ग नाही. बुकवर्मची लिबसी आवृत्ती २.३६, उबुंटू २४.०४ ची २.३९. जे पॅकेज २.३८ किंवा पुढची मागतं ते बुकवर्मवर चालणार नाही. उबुंटूची लिबसी६ आणून बसवायच्या फंदात पडू नका. सिस्टिममधला जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम त्या एका लायब्ररीवर उभा आहे, अर्धवट बदलली तर ‘एलएस’सुद्धा चालणार नाही.

टी६४ ची भानगड वेगळी. ३२ बिट आर्किटेक्चरवर वेळ मोजायचा आकडा २०३८ साली ओसंडणार आहे, तो ६४ बिटी करण्यासाठी डेबियन आणि उबुंटूने शेकडो लायब्ररींच्या पॅकेजना टी६४ हे शेपूट लावलं. उबुंटू २४.०४ आणि डेबियन १३ (ट्रिक्सी) मध्ये ती नवी नावं आहेत, बुकवर्ममध्ये नाहीत. एएमडी६४ वर (म्हणजे तुमच्यासारख्या ६४ बिट मशीनवर) नवं पॅकेज ‘जुनं नावही मीच पुरवतो’ असं जाहीर करतं, त्यामुळे जुनी डेब फाइल नव्या सिस्टिमवर बहुधा बसते. नवी फाइल जुन्या सिस्टिमवर बसत नाही. डेबच्या डिपेंडन्सींत टी६४ दिसलं की ती फाइल बुकवर्मसाठी नाही, पुढे वाचायची गरज नाही.

म्हणून आता: सुडो ॲप्ट रिमूव्ह, पुढे त्या पॅनेलच्या पॅकेजचं नाव. त्यानंतर ‘सुडो ॲप्ट अपडेट’. मग ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ पुढे नाव देऊन बघा, बुकवर्ममध्ये किंवा बुकवर्म-बॅकपोर्ट्समध्ये (बुकवर्मसाठी बांधलेल्या नव्या आवृत्त्यांच्या रेपोत) ते पॅनेल आहे का. बॅकपोर्ट्समध्ये असेल तर ‘-टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स’ लावून बसवा. तो रेपो नुसता जोडून काही अपग्रेड होत नाही, त्याला १०० चा प्राधान्यक्रम असतो आणि मुख्य रेपोला ५००. ट्रिक्सीची ओळ मात्र सोर्सेस.लिस्टमध्ये (रेपोंच्या यादीच्या फाइलीत) जोडू नका. एक पॅनेल मागाल आणि त्यामागून लिबसी, ग्लिब, जीटीके असं अर्धं ट्रिक्सी येईल.

निळावंती

ॲप्टच्या संदेशाचं शेपूट वाचायची सवय लावून घ्या, निम्मं निदान तिथेच होतं.

‘नॉट इन्स्टॉलेबल’ म्हणजे ॲप्टला ठाऊक असलेल्या कुठल्याही रेपोत त्या नावाचं पॅकेज नाही. कारणं: रेपोची ओळच नाही, पॅकेज दुसऱ्या आवृत्तीतलं आहे, किंवा आय३८६ चं (३२ बिट) पॅकेज हवं आहे आणि ‘डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६’ केलेलं नाही. नेट न जोडता इन्स्टॉल केलं असेल तर /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्टमध्ये बऱ्याचदा नुसती सीडीरॉमची ओळ उरते. तिच्यापुढे # घाला आणि मुख्य रेपोची ओळ लिहा. बुकवर्मपासून फर्मवेअर ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात आहे. जुन्या लेखातून नुसतं ‘मेन कॉन्ट्रिब नॉन-फ्री’ उतरवलंत तर फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय (इंटेल वायफायचं फर्मवेअर) सापडणार नाही.

‘नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड’ म्हणजे पॅकेज आहे, पण त्याच्या पोटातली एखादी डिपेंडन्सी अडते आहे. इथे त्याच नावाने वेगळी मागणी करा: सुडो ॲप्ट इन्स्टॉल, पुढे ते अडलेलं नाव. मग ते कशासाठी अडलंय ते दिसेल. त्याची पुन्हा मागणी करा. दोन-तीन पायऱ्यांत मूळ सापडतं. ‘ॲप्टिट्यूड व्हाय-नॉट’ हेच काम एका दमात करतं.

‘बट अमुक इज टू बी इन्स्टॉल्ड’ म्हणजे आवृत्तीचा मेळ नाही. मिश्र रेपोची हमखास खूण.

आणि ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ वाचून कोणी काहीतरी रोखून धरलंय असं समजू नका. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ बहुतेक वेळा रिकामं येतं. तिथे ॲप्टला एवढंच म्हणायचं असतं, की हे गणित सुटत नाही.

आता १ ते ३ बद्दल. खरी मेख ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’मध्ये आहे. डेबियनमध्ये डिपेंड्स म्हणजे ज्याच्याशिवाय प्रोग्राम चालणारच नाही. रेकमेंड्स म्हणजे जे अपवादात्मक मांडणी सोडली तर सोबत असायलाच हवं. सजेस्ट्स म्हणजे असलं तर बरं. ग्नोम किंवा एक्सएफसीई हे संपूर्ण संच असल्यामुळे कोणाची सोबत कोणाला हवी हे त्यांच्या मेटापॅकेजमध्ये (फक्त दुसरी पॅकेजं ओढून आणणाऱ्या पॅकेजमध्ये) बांधलेलं असतं. ओपनबॉक्स म्हणजे फक्त खिडक्यांचा व्यवस्थापक. पासवर्ड विचारणं, डिस्क माउंट करणं, लॉगिननंतर प्रोग्राम आपोआप सुरू करणं, यातलं काहीच त्याच्याकडे नाही आणि त्याने तसा दावाही केलेला नाही. त्यामुळे ॲप्टच्या दृष्टीने तुमची सिस्टिम पूर्ण आहे, एकही डिपेंडन्सी तुटलेली नाही. जे सुटलंय ते सेशनच्या पातळीवरचं आहे.

नेटवर्कचं चिन्ह: एनएम-ॲप्लेट आपली सुरू होण्याची फाइल /ईटीसी/एक्सडीजी/ऑटोस्टार्टमध्ये ठेवतो. ती फोल्डर वाचायचं काम ओपनबॉक्समध्ये ‘ओपनबॉक्स-एक्सडीजी-ऑटोस्टार्ट’ नावाची पायथन स्क्रिप्ट करते आणि तिला पायएक्सडीजी लागतं. ते ओपनबॉक्सच्या डिपेंड्समध्ये नाही. ~/.एक्ससेशन-एरर्स उघडा, ‘रिक्वायर्स पायएक्सडीजी टू बी इन्स्टॉल्ड’ ही ओळ सापडेल. उपाय ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-एक्सडीजी’. शिवाय टिंट२ च्या टिंट२आरसीमध्ये ‘पॅनेल_आयटम्स’च्या अक्षरांत एस (सिस्टिम ट्रे) आहे ना, तेही बघा. तो नसेल तर ॲप्लेट चालू असूनही दिसायला जागा नाही.

पेन ड्राइव्ह: पीसीमॅनएफएम स्वतः डिस्का शोधत नाही, जीव्हीएफएस या मधल्या सेवेला विचारतो. ‘जीव्हीएफएस’ नसेल तर कचरापेटीही उघडत नाही. ‘जीव्हीएफएस-बॅकएंड्स’ नसेल तर फोन (एमटीपी) आणि सांबाचे (नेटवर्कवरचे) शेअर दिसत नाहीत. दोन्ही बसवा, सोबत ‘यूडिस्क्स२’ (डिस्क माउंट करणारी सेवा) आलं का तपासा.

‘नॉट ऑथोराइज्ड’: काढता येणारी डिस्क माउंट करायला यूडिस्क्स सक्रिय सेशनमधल्या वापरकर्त्याकडून पासवर्ड मागत नाही. आतल्या डिस्कचं पार्टिशन मात्र ॲडमिनच्या परवानगीनेच. ती परवानगी विचारणारी खिडकी दाखवायला पोलकिटचा (परवानग्या ठरवणाऱ्या सेवेचा) एजंट लागतो. एजंट नसेल तर पोलकिटला विचारायला कोणी सापडत नाही आणि ते सरळ नकार देतं. नुसतं पॅकेज डिस्कवर असून भागत नाही, एजंट त्या सेशनमध्ये चालू हवा. कित्येकदा दुसऱ्या पॅकेजबरोबर एखादा एजंट येऊन पडलेला असतो, पण त्याला सुरू कोणीच करत नाही. तपासायला:

पीग्रेप -ए पोलकिट

यात फक्त ‘पोलकिटडी’ दिसला तर एजंट नाही. ‘एलएक्सपोलकिट’ हलका आहे. तो बसवून ~/.कॉन्फिग/ओपनबॉक्स/ऑटोस्टार्टमध्ये ‘एलएक्सपोलकिट &’ अशी ओळ घाला. पायथन३-एक्सडीजी असतानाही ही ओळ लागू शकते, कारण ऑटोस्टार्टच्या काही फायलींत ‘ओन्लीशोइन’ लिहिलेलं असतं आणि त्यात ओपनबॉक्सचं नाव नसेल तर ती फाइल वगळली जाते.

आवाज: ‘पाइपवायर-ऑडिओ’ हे मेटापॅकेज बसवा, पाइपवायर, वायरप्लंबर, पाइपवायर-पल्स सगळं त्यातून येतं. बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा आणि ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’ बघा. नुसतं ‘डमी आउटपुट’ दिसलं आणि लॅपटॉप अलीकडच्या इंटेल चिपचा असला, तर ‘फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड’ राहिलं आहे.

सातपुडा

निळावंती यांच्याशी सहमत, आणि त्यापुढे जाऊन म्हणतो: पहिल्या फेरीत रेकमेंड्स बंद करूच नयेत. आधी रेकमेंड्ससह बसवा, सगळं चालतंय हे बघा, मग नको ते एकेक करून काढा. काय काढल्याने काय बिघडलं हे लगेच कळतं. उलट दिशेने गेलं की जे नाहीच त्याचं नाव कुठून कळणार?

आधीच बंद करून बसवलं असेल तर राहिलेल्या रेकमेंड्सची यादी काढता येते:

ॲप्टिट्यूड सर्च '?अँड(?रिव्हर्स-रेकमेंड्स(?इन्स्टॉल्ड), ?नॉट(?इन्स्टॉल्ड))'

यादी लांब येईल, पण ती वाचण्यासारखी असते. एखादं नाव का आलं हे ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ सांगतं.

काढताना एक खबरदारी. एक्सएफसीई बसवून नंतर ओपनबॉक्सवर येणारे ‘टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप’ काढतात आणि लगेच ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ देतात. मेटापॅकेज गेलं की त्याच्याबरोबर आपोआप आलेलं सगळं अनाथ ठरतं. त्यात नेटवर्क-मॅनेजरही असू शकतो, आणि तो गेला की परत आणायला नेट नाही. आधी ‘ॲप्ट -एस ऑटोरिमूव्ह’ देऊन नुसती यादी बघा, हवं ते ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ने राखून ठेवा, मगच खरी आज्ञा द्या.

कळफलक

चौथा मुद्दा, मराठीचा.

चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हं किंवा टर्मिनलमध्ये \३४०\२४४ असे आकडे दिसत असतील तर लोकेल (भाषा आणि अक्षरसंचाची निवड) चुकलंय. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून आधी नीट बघा.

किमान इन्स्टॉलमध्ये सहसा डेजावू फॉन्ट येतो आणि त्यात देवनागरी नाही. ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ ही आज्ञा रिकामी आली तर ‘फॉन्ट्स-लोहित-देव’ किंवा ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ बसवा. लोहित लहान आहे. नोटो-कोअर जगातल्या बहुतेक लिप्यांचे फॉन्ट आणतं, त्यामुळे जास्त जागा घेतं. बसवल्यावर चालू असलेले प्रोग्राम बंद करून उघडा.

लोकेलसाठी ‘सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर लोकेल्स’. मराठीची नोंद ‘एमआर_आयएन यूटीएफ-८’ अशी आहे. सगळे मेन्यू मराठीत नको असतील तर ‘ईएन_आयएन यूटीएफ-८’ निवडा, मराठी फायली त्यातही नीट दिसतात. ‘सी’ तेवढं ठेवू नका.

टंकण्यासाठी ‘आयबस’ आणि ‘आयबस-एम१७एन’. गमभन, इनस्क्रिप्ट वगैरे मराठी मांडण्या एम१७एनमधून येतात. इथेही रेकमेंड्सचाच घोळ: ‘आयबस-जीटीके३’ सुटलं तर आयबसचं चिन्ह दिसतं, मांडणी बदलते, पण मजकूर संपादकात अक्षरं रोमनच उमटतात. ते बसवा, ‘आयएम-कॉन्फिग -एन आयबस’ द्या, पुन्हा लॉगिन करा. क्यूटीच्या प्रोग्रामांना वेगळं पॅकेज लागत नाही.

फक्त इनस्क्रिप्ट पुरत असेल तर आयबसची गरजच नाही. ऑटोस्टार्टमध्ये एक ओळ पुरे:

सेटएक्सकेबीमॅप -लेआउट यूएस,आयएन -व्हेरियंट ,मराठी -ऑप्शन जीआरपी:ऑल्ट_शिफ्ट_टॉगल

‘व्हेरियंट’नंतरचा स्वल्पविराम विसरू नका. त्याच्याआधीची रिकामी जागा यूएस मांडणीसाठी आहे.

रानवाट

पॅनेल काढलं, ॲप्ट मोकळं झालं. पायथन३-एक्सडीजी, जीव्हीएफएस, जीव्हीएफएस-बॅकएंड्स, एलएक्सपोलकिट, पाइपवायर-ऑडिओ, फॉन्ट्स-लोहित-देव बसवलं. पेन ड्राइव्ह, आवाज, फॉन्ट ठीक. नेटवर्कचं चिन्हही आलं, पण त्यात वायफायसमोर ‘डिव्हाइस नॉट मॅनेज्ड’ लिहिलंय. गंमत म्हणजे वायफाय चालू आहे.

निळावंती

चालू आहे म्हणूनच तसं दिसतंय. नेटइन्स्टॉल वायफायवरून केलंत आणि डेस्कटॉप निवडला नाहीत, तेव्हा इन्स्टॉलरने जोडणी /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेसमध्ये लिहून ठेवली. नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फिग फाइलीत ‘[आयएफअपडाउन]’ विभागाखाली ‘मॅनेज्ड=फॉल्स’ असतं, म्हणजे त्या फाइलीत ज्या कार्डाचं नाव आहे त्याला तो हात लावत नाही.

इंटरफेसेस फाइलीची आधी प्रत काढा. वायफाय कार्डाच्या नावाच्या (डब्ल्यूएलपी… ने सुरू होणाऱ्या) ओळींपुढे, एसएसआयडी (वायफायचं नाव) आणि पासवर्डच्या ओळींसकट, # घाला. ‘लो’च्या ओळी तशाच राहू द्या. मशीन रीस्टार्ट करा आणि ॲप्लेटमधून नव्याने जोडा. हे एसएसएचवरून दूर बसून करू नका, जोडणी मध्येच तुटते.

उंबरठा

याच विषयाला लागून विचारतो. डीडब्ल्यूएम (ओपनबॉक्ससारखाच खिडक्यांचा व्यवस्थापक) सोर्समधून बांधायचा आहे. ‘मेक’ दिल्यावर ‘एक्स११/एक्सलिब.एच: नो सच फाइल’ येतं. पण लिबएक्स११-६ बसलेलं आहे.

देवराई

लिबएक्स११-६ ही चालवायची लायब्ररी. बांधायला हेडर फायली लागतात, त्या डेबियन ‘-डेव्ह’ पॅकेजमध्ये वेगळ्या ठेवतं. डीडब्ल्यूएमसाठी एवढं पुरतं:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल लिबएक्स११-डेव्ह लिबएक्सएफटी-डेव्ह लिबझिनेरामा-डेव्ह

एफटी२बिल्ड.एच सापडत नाही अशी तक्रार आली तर कॉन्फिग.एमकेमध्ये ‘फ्रीटाइपआयएनसी’चा मार्ग /यूएसआर/इन्क्लूड/फ्रीटाइप२ कडे आहे का बघा.

कुठल्याही प्रोग्रामसाठी लागू पडणारी रीत: ‘ॲप्ट-फाइल’ बसवा, ‘सुडो ॲप्ट-फाइल अपडेट’ करा, मग ‘ॲप्ट-फाइल सर्च’ला अडलेल्या हेडरचं नाव द्या. पॅकेजचं नाव मिळतं. मेसन किंवा सीमेक ही बांधणीची साधनं वापरणारे प्रोग्राम हेडरऐवजी ‘डिपेंडन्सी अमुक नॉट फाउंड’ म्हणतात. त्यांना पीकेजी-कॉन्फिगची ‘.पीसी’ फाइल हवी असते, तेव्हा ‘अमुक.पीसी’ असं शोधा. प्रोग्राम डेबियनमध्ये आधीच असेल तर सोर्सेस.लिस्टमध्ये ‘डेब-एसआरसी’ची ओळ जोडून ‘सुडो ॲप्ट बिल्ड-डेप डीडब्ल्यूएम’ द्या. मात्र ती यादी डेबियनमधल्या आवृत्तीची असते, नव्या सोर्सला एखादं पॅकेज जास्त लागू शकतं.

उंबरठा

बांधून झालं, ~/.लोकल/बिनमध्ये ठेवलं, /यूएसआर/शेअर/एक्ससेशन्समध्ये डीडब्ल्यूएम.डेस्कटॉप लिहिली. लाइटडीएमच्या यादीत नाव येत नाही.

देवराई

त्या फाइलीत ‘ट्रायएक्झेक’ची ओळ असणार. लाइटडीएम ती वाचून तो प्रोग्राम आपल्या पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) शोधतो आणि सापडला नाही तर ते सेशन यादीतून गाळतो, कुठलीही सूचना न देता. लाइटडीएम तुमच्या लॉगिनच्या आधीच चालू झालेला असतो, त्याच्या पाथमध्ये तुमचं ~/.लोकल/बिन नाही. ‘सुडो मेक इन्स्टॉल’ करा, डीडब्ल्यूएम मुळातच /यूएसआर/लोकल/बिनमध्ये जातो आणि तो मार्ग पाथमध्ये असतो. ‘एक्झेक’मध्येही पूर्ण मार्ग लिहा.

नाव दिसतं पण पासवर्ड दिल्यावर पुन्हा लॉगिनचाच पडदा येतो, अशी वेळ आली तर क्रमाने: ~/.एक्ससेशन-एरर्स, मग ‘जर्नलसीटीएल -बी -यू लाइटडीएम’, मग /व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग. आणि ‘एलएस -एल ~/.एक्सऑथॉरिटी’. कधी ‘सुडो स्टार्टएक्स’ केलं असेल तर ती फाइल रूटच्या मालकीची होऊन बसते. मालकी परत घ्या किंवा ती पुसा, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते.

सातपुडा

लाइटडीएमशिवाय ‘स्टार्टएक्स’ वापरणाऱ्यांसाठी तीन जागा.

~/.एक्सइनिटआरसीमध्ये ‘एक्झेक ओपनबॉक्स’ नको, ‘एक्झेक ओपनबॉक्स-सेशन’ हवं. नुसत्या ओपनबॉक्सने ऑटोस्टार्ट वाचलाच जात नाही.

‘कॅनॉट ओपन व्हर्च्युअल कन्सोल (परमिशन डिनाइड)’ आलं तर ‘लिबपॅम-सिस्टिमडी’ आहे का बघा. ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’चीही खूण काढून इन्स्टॉल केलं असेल तर ते राहू शकतं. ते नसलं की लॉगिनडीला (लॉगिनची नोंद ठेवणाऱ्या सेवेला) तुमचं सेशन कळत नाही, आणि एक्स सर्व्हर रूटशिवाय चालवायची परवानगी तिथूनच मिळते.

जागा वाचवायला ‘एक्सऑर्ग’ऐवजी ‘एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-कोअर’ आणि ‘एक्सइनिट’ एवढंच बसवलं असेल तर ‘एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-इनपुट-लिबइनपुट’ हाताने घालावं लागतं. नाहीतर पडदा येतो पण माउस आणि कळफलक दोन्ही निपचित. अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ२ चाही उपयोग नाही, कारण ती कळही एक्स सर्व्हरच वाचतो. मशीन सुरू करताना ग्रबमध्ये (सुरुवातीच्या बूट मेन्यूत) ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘सिस्टिमडी.युनिट=मल्टी-यूजर.टार्गेट’ जोडा, एफ१० दाबा. साध्या कन्सोलवर उतरता येतं.

कळफलक

एक भर. काही जीटीके प्रोग्राम उघडायला बरोबर २५ सेकंदांच्या आसपास लागत असतील तर हार्डवेअरला दोष देऊ नका. डी-बसवर (प्रोग्राम एकमेकांशी ज्यातून बोलतात त्या वाटेवर) उत्तराची वाट बघायची मूळ मुदत २५ सेकंद आहे. बहुतेक वेळा एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल सुरू होऊ शकत नाही आणि प्रोग्राम त्याची वाट बघत थांबतो. ‘एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल-जीटीके’ बसवा. स्टार्टएक्स वापरत असाल तर एक्सइनिटआरसीमध्ये, शेवटच्या ‘एक्झेक’च्या आधी:

डीबस-अपडेट-ॲक्टिव्हेशन-एन्व्हायर्नमेंट --सिस्टिमडी डिस्प्ले एक्सऑथॉरिटी

(शेवटचे दोन शब्द रोमन मोठ्या अक्षरांत.) ही आज्ञा ‘डीबस-बिन’ किंवा ‘डीबस-एक्स११’ यांपैकी कुठून येते याचा घोळ नको, ‘ॲप्ट-फाइल सर्च’ करून बघा.

निळावंती

सोर्समधून बांधलेल्या प्रोग्रामची आणखी एक तऱ्हा: बांधला तेव्हा चालला, अपग्रेडनंतर ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’. ‘एलडीडी’ला त्या प्रोग्रामचा पूर्ण मार्ग द्या, ज्या ओळीत ‘नॉट फाउंड’ आहे ती लायब्ररी गेली. ॲप्टला तुमच्या हातच्या प्रोग्रामची खबर नसते, त्यामुळे जुनी लायब्ररी कोणाला नको असं समजून ऑटोरिमूव्ह ती काढतं.

यावर नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारं नुसतं नाव) द्यायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नका. नावाच्या शेवटचा क्रमांक (.एसओ.५, .एसओ.६) बदलतो तो आतली रचना बदलल्यामुळेच. सिमलिंकने प्रोग्राम सुरू होईलही, पण चुकीच्या जागी चुकीचा डेटा वाचेल आणि कधी कोसळेल याचा नेम नाही. पुन्हा ‘मेक क्लीन’ आणि ‘मेक’, दोन मिनिटांचं काम आहे.

रानवाट

इंटरफेसेस फाइलीतल्या ओळी बंद करून रीस्टार्ट केलं, वायफाय आता ॲप्लेटमधून जोडलं जातं. ॲप्टिट्यूडची यादीही काढली, त्यातून एक्सडीजी-यूजर-डर्स घेतलं. घरच्या फोल्डरमध्ये डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स का बनले नव्हते ते त्यावरून कळलं.

उंबरठा यांचं वाचून डीडब्ल्यूएमही करून पाहिला. फॉन्ट तोच लोहित, टिंट२ च्या पट्टीवर मराठी शीर्षक बरोबर, डीडब्ल्यूएमच्या पट्टीवर मात्र वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि ‘क्ष’ फुटतो. कुठलं पॅकेज राहिलं?

कळफलक

इथे पॅकेज राहिलेलं नाही. टिंट२ आणि ओपनबॉक्स पँगो वापरतात. पँगोच्या पोटात हार्फबझ असतो आणि तो जोडाक्षरं जुळवणं, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणं ही कामं करतो. डीडब्ल्यूएम थेट एक्सएफटीने अक्षरं रेखाटतो. एक्सएफटी एका कोडबिंदूला एक आकृती एवढंच जाणतो, म्हणून ‘कि’ हे ‘क’ आणि मग वेलांटी अशा साठवणीच्या क्रमानेच उमटतं. फॉन्ट कितीही बदलले तरी फरक पडणार नाही.

दोन वाटा आहेत. डीडब्ल्यूएमला पँगोचा पॅच लावा. मग बांधताना ‘लिबपँगो१.०-डेव्ह’ जास्तीचं लागेल आणि कॉन्फिग.एमकेमध्ये पँगोएक्सएफटीचे फ्लॅग येतील. नाहीतर डीडब्ल्यूएमची पट्टी बंद ठेवून (कॉन्फिग.एचमध्ये शोबार ०) टिंट२ चालवा. दुसऱ्या वाटेत एक उणीव राहते: डीडब्ल्यूएम कामाच्या जागा टॅगने मोजतो, टिंट२ ला ते कळत नाहीत, त्यामुळे टास्कबारवर खिडक्यांची वाटणी दिसणार नाही. मराठी शीर्षकं रोज लागत असतील तर पॅचचीच वाट धरा.